एक घर, दोन गावं, आणि हक्क मात्र एकाच पत्त्यावर

'खेडी ओस पडली, शहरं फुगली' हे ऐकलं की हल्ली मला राग येतो. बोलणाऱ्याचा सूर असा असतो की माणसं झगमगाटाला भुलून निघाली आणि त्यांना समजावून परत पाठवलं की प्रश्न मिटला. माणसं इतकी भोळी नसतात हो. कोण जाणार, म्हाताऱ्यांपाशी कोण राहणार, प्रवासाचे पैसे कुणाकडून उसने घ्यायचे, हे सगळं घर बसून ठरवतं.

अर्थशास्त्रात यावर चिक्कार लिहिलं गेलंय. 1954 मध्ये आर्थर लुईस यांनी मांडलं, की शेतीतले जादा हात कारखान्यांत गेले की अर्थव्यवस्था पुढे सरकते. 1970 मध्ये हॅरिस आणि टोडारो यांनी पुढचा प्रश्न विचारला: शहरात बेकारी दिसत असूनही लोक का जातात? कारण चांगली नोकरी मिळण्याची शक्यता धरून ते हिशेब करतात. म्हणून शहरात नोकऱ्या वाढल्या तरी बेकारी वाढू शकते. एका जागेच्या आशेवर चौघे येतात. ही मांडणी मला पटते. पण आपल्या चर्चेत त्यातली एकच दिशा उरली, गावाकडून शहराकडे.

प्रत्यक्षात लोक ये-जा करतात. पेरणीला गावात, हंगाम संपला की बांधकामावर. झांबियात तांब्याच्या खाणींचे दिवस फिरले, तेव्हा लोक शहरं सोडून परत गेले आणि 1980 ते 2000 या काळात शहरी लोकसंख्येचा वाटा चक्क घटला.

बांगलादेशातल्या रंगपूर भागात भात कापणीच्या आधीचे महिने उपासमारीचे असत. तिथे 2008 मध्ये संशोधकांनी गरीब कुटुंबांना फक्त जाण्या-येण्याच्या भाड्याइतकी मदत देऊ केली. जी घरं एरवी थांबली असती, त्यांतल्या बऱ्याच घरांतून कुणीतरी कामाला बाहेर पडलं, घरच्यांना पोटभर मिळू लागलं, आणि पुढच्या वर्षी मदत नसतानाही त्यातले अनेक जण पुन्हा गेले. पुढे हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि 2019 मध्ये ती बंद झाली. त्यामुळे हा रामबाण उपाय आहे असं मी म्हणणार नाही. पण कित्येकांना गावात धरून ठेवणारी गोष्ट गावाची ओढ नसून भाड्याचे पैसे आणि काम न मिळण्याची धास्ती असते, एवढं मी त्यातून घेतलं.

खरा अन्याय पुढे सुरू होतो. माणूस हलतो, त्याचे हक्क हलत नाहीत. चीनमध्ये 1958 पासून हुकौ नावाची कौटुंबिक नोंदणी आहे. खेड्यातली नोंद असलेला कामगार शहर उभारतो, पण त्याच्या मुलांना तिथल्या सरकारी शाळेत सहज जागा मिळत नाही. म्हणून कोट्यवधी मुलं आजी-आजोबांकडे वाढतात. दक्षिण आफ्रिकेत तर काळ्या माणसाला शहरात राहायला पास लागायचा. ते कायदे 1986 मध्ये गेले.

आणि जिथे असा कायदा नाही तिथे? कामगारांच्या खोल्या बघा. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा होतो. भाडेकरार नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून गॅस नाही, आणि मुलाच्या शाळाप्रवेशाला हेलपाटे. त्यातून हंगामाच्या मध्यात पोर आलं तर वर्गात नाव नाही, आणि परत गेलं तर गावच्या पटावर गैरहजर.

भारतात 2020 च्या टाळेबंदीत लाखो लोक पायी निघाले, तेव्हा रेशनकार्ड गावात आणि माणूस शहरात हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर देशात कुठेही धान्य उचलता येण्याची सोय 2022 पर्यंत सगळ्या राज्यांत पोहोचली. तिच्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच कार्डावर थोडं धान्य शहरातला माणूस घेऊ शकतो आणि उरलेलं गावाकडचं कुटुंब. घर दोन ठिकाणी असतं हे सरकारी कागदानं मान्य केलं! अंमलबजावणीत अडचणी आहेतच, पण दिशा बरोबर आहे.

आता हेच शाळेच्या बाबतीत करा, दवाखान्याच्या बाबतीत करा. आणि मताच्या बाबतीतही. मतदानासाठी मजुरी बुडवून, पदरचं भाडं भरून गावी जायचं, नाहीतर मत सोडून द्यायचं. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठीच्या मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं 2023 च्या जानेवारीत राजकीय पक्षांपुढे ठेवला होता, त्यावर बऱ्याच पक्षांनी शंका घेतल्या. शंका असतील तर त्या सोडवा ना. मतदार कामावर जायचा थांबणार नाही.