एका बर्फीचे आठ तुकडे

आमच्या साळ्याच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात धड आहेत, हे मला कधीच पाहवलं नाही. हा माणूस संत्रा बर्फीचा अर्धा किलोचा डबा उघडतो आणि टीव्हीवरची मालिका संपायच्या आत रिकामा करतो. वर तांब्याभर पाणी, मिशीवरून हात, आणि घोरणं सुरू.

मी संयमी माणूस. सीताबर्डीहून आणलेली एक बर्फी, तिचे सुरीनं आठ तुकडे, डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. दर तासाला एक तुकडा, मधल्या वेळात चहा. आठवा तुकडा रात्री अंथरुणात, त्यावर सिमेंट रस्त्याच्या धुळीपायी लागलेली ॲलर्जीची गोळी. तरी दाढ ठणकली ती माझी. पहाटे अडीचला.

"कीड लागली बाप्पा!" आईनं निदान केलं आणि दाढेत लवंग खुपसली. ती मी गिळली. मग मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून आरशासमोर कीड शोधत बसलो.

सकाळी धरमपेठेतली डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची निघाली.

"काका, अळी-बिळी काही नसते. जंतू असतात. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा त्यातला मोठा उपद्व्यापी."

हे काही आजचं नाही. सूक्ष्मदर्शकं बनवणाऱ्या डच लेव्हेनहूकनं 1683 साली स्वतःच्या दातांवरचा मळ भिंगाखाली धरला, तर त्यात जीव वळवळत होते. आपल्या तोंडात जितके जीव आहेत तितकी अख्ख्या नेदरलँड्समध्ये माणसं नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं. माझ्या तोंडात तर इतवारीचा बाजारच असणार.

तर हे जंतू दातावर चिकटून साखर खातात आणि लॅक्टिक ॲसिड सोडतात. पीएच (हा आकडा जितका खाली, तितकं ॲसिड जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला, की दाताच्या कवचातलं कॅल्शियम-फॉस्फेट विरघळू लागतं. मग लाळ धावते. तिच्यातलं बायकार्बोनेट ॲसिड मारतं, आणि गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट ती थोडंथोडं परत भरते. या डागडुजीला अर्धा तास लागतो, कधी तासभर.

"काका, एक तुकडा खाल्ला की पुढचा कधी?"

"तासाभरानं."

"आणि चहा?"

"मध्ये. दोन चमचे साखर."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आठवीच्या गणिताचा पेपर तपासताना पोरांकडे पाहतो. "म्हणजे तुम्ही एक बर्फी नाही खाऊन राहिले, आठ वेळा खाऊन राहिले."

माझ्या तोंडात दिवसभर भंडारा चालू होता! लाळ बिचारी भांडी घासायला बसते न बसते, तोच नवी पंगत. साळ्याकडे एकच दणदणीत पंगत, मग मांडव मोडून मंडळी घरी. झोपेत लाळेचा नळ एरवीही बारीकच होतो. मी ॲलर्जीची गोळी घेऊन तो पारच आवळला होता. शिवाय लाळ माणसागणिक वेगळी, कुणाची मुळातच जोरकस, असंही डॉक्टर म्हणाली. ही माहिती मी घरी सांगितलेली नाही. 'आमच्या माहेरची लाळच तशी' हे वाक्य मला या जन्मी ऐकायचं नाही.

खुर्चीत मशीन घरघरू लागलं आणि इतकी वर्षं दडी मारलेली माझी लाळ अचानक कर्तव्याला जागली. माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ येते म्हणे. माझी सगळी त्या वीस मिनिटांत आली. ओढून घेणारी नळी गुरगुरत होती, कापसाचे बोळे तरंगत होते, आणि डॉक्टर विचारत होती, "काका, दुखून नाही ना राहिलं?" यावर उत्तर देणारा माणूस मला भेटायचा आहे.

रविवारी साळा आला. डबा उघडून पुढे केला. "घ्या भाऊजी. तुमचा एकच तुकडा, नाही का?"

मी घड्याळ पाहिलं, मांडी घातली आणि चार अख्ख्या बर्फ्या दहा मिनिटांत संपवल्या. बायको पदर खोचून दारात उभी.

"काऊन हो, डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"तेच करून राहिलो," म्हटलं, "पाणी आण."