एजंट गेला म्हणून पॉलिसी रद्द होत नाही

सोलापूरच्या पूर्व भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘बीमा सुगम आल्याने विमा एजंट बंद होणार, त्यांच्याकडून घेतलेल्या पॉलिसी रद्द होतील, आत्ताच पैसे काढून घ्या. थेट घेतली तरच जीएसटी माफ.’ यातलं काहीही खरं नाही.

पॉलिसी हा तुमचा आणि कंपनीचा करार. एजंटने काम सोडलं तरी तो चालूच राहतो, फक्त हप्ता चुकवू नका. बीमा सुगम ही विम्याची ऑनलाइन बाजारपेठ आहे, तिथे एजंटांनाही जागा ठेवलेली आहे. वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे. मग पॉलिसी एजंटकडून घ्या नाहीतर मोबाइलवर, जीएसटीत फरक पडत नाही. आणि घाबरून सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधीच पॉलिसी मोडलीत, तर नुकसान तुमचंच. सुरुवातीच्या वर्षांत भरलेले सगळे पैसे परत मिळत नाहीत.

एजंटांचे दिवस कठीण आहेत, हे मात्र खरं. तरुण मुलं फोनवरच पॉलिसी घेतात, कमिशनवर ताण आहे. पण यंत्रमाग कामगार वारला, पॉलिसीवर ‘व्यंकटेश’ आणि आधारवर ‘वेंकटेशम’ निघालं, की प्रतिज्ञापत्र करायला, दाखले जोडायला, त्याच्या बायकोला घेऊन शाखेत चकरा मारायला आजही बहुतेक वेळा एजंटच धावतो. अशा माणसाचं काम एका खोट्या मेसेजने बुडू नये, असं मला मनापासून वाटतं.

शंका असेल तर पॉलिसीचा बाँड घेऊन थेट कंपनीच्या शाखेत विचारा. मेसेज पुढे पाठवू नका.