घड्याळात बीपी नॉर्मल दिसला म्हणून गोळी बंद?

फोंड्याच्या आमच्या मावशीने बीपीची गोळी परस्पर बंद केली. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज, तुम्हालाही आला असेलच: बीपी मशीन विसरा, नव्या स्मार्टवॉचमध्ये बीपी अचूक दिसतो, क्लिनिकमधला आकडा भीतीने वाढलेला असतो, मोठ्या कंपन्यांनीही हे मानलंय, आणि घड्याळात १२०/८० दिसलं की गोळीची गरज नाही. चवथीला भाच्याने घड्याळ आणून दिलेलं, त्यात रोज १२०च्या आसपास दिसतंय, मग काय!

आधी गोळीचंच बोलतो, बाकी चुकलं तर पैसे जातील, इथे माणूस जाईल. समजा घड्याळ शंभर टक्के खरं आहे. मग ते १२० कशामुळे दिसतंय? गोळीमुळेच ना! गोळी बीपी आटोक्यात ठेवते, मुळातून घालवत नाही. बंद केली की बहुतेकांचा बीपी परत चढतो आणि क्लोनिडीन किंवा बीटा ब्लॉकरसारख्या गोळ्या एकदम सोडल्या तर तो उसळी मारतो. वर हा चढलेला बीपी बऱ्याचदा जाणवतही नाही, डोकं दुखलं तर बघू म्हणणारे थेट बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतात. डोस कमी हवाय तर डॉक्टरला विचारा, कधीकधी ते करतातही. (तोरांचं लोणचं आणि खारा बांगडा आधी कमी करा, पण ते कुणाला सांगणार.)

आता ‘अचूक’. साधं स्मार्टवॉच दाब मोजतच नाही. मागचा हिरवा लाइट त्वचेखालची रक्ताची लाट बघतो आणि सॉफ्टवेअर त्यावरून अंदाज बांधतं. आम्ही करून बघितलं. दंडाच्या मशीनवर मावशी १६४/९४, लगेच घड्याळात १२२/७९. तेच घड्याळ कॉलेजातल्या पोराला बांधलं, १२१/७८. त्याला जिना दोनदा चढउतार करायला लावला, धापा टाकत आला, तरी १२३!

मोठ्या कंपन्यांचं म्हणाल तर सॅमसंग स्वतःच सांगते की दर २८ दिवसांनी दंडाला फुगणारा पट्टा बांधायच्या मशीनवर मोजून घड्याळ जुळवून घ्या. म्हणजे शेजारच्या दुकानात तोलून आणायचं आणि आपल्या तराजूवर तोच आकडा लिहायचा. ॲपलने २०२५ मध्ये जे आणलं ते तर आकडा दाखवतच नाही, ३० दिवसांच्या नोंदी बघून फक्त इशारा देतं, आणि पुढे सांगतं काय, तर सात दिवस पट्ट्याच्या मशीनवर मोजा! युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच आहे, असा फुगणारा पट्टा नसलेली उपकरणं बीपीचं निदान किंवा उपचार ठरवायला वापरू नका. हे ग्रुपवर टाकलं तर एकाने अंगठा दिला, बाकी गप्प.

क्लिनिकमध्ये काहींचा बीपी वाढतो हे मात्र खरंय, मान्य. पण त्यावर उपाय घरी दंडाच्या मशीनवर मोजणं. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आणि पट्टा दंडाच्या मापाचा, लहान झाला तर आकडा उगाच जास्त येतो. मनगटावर खरोखर फुगणारा पट्टा असलेलं घड्याळही मिळतं, ते वेगळं, पण भाच्याचं ते नव्हे.

आणि मेसेजच्या तळाशी घड्याळ विकत घ्यायची लिंक होती, ‘ऑफर फक्त आज’ म्हणून, ती कुणी बघितलीच नाही वाटतं.