‘राहू द्या हो, चालेल!’

पायातले बाहेर काढून मगच घरात शिरावे, या रीतीविषयी माझी मुळीच तक्रार नाही. ज्या घरांतून ही रीत आपल्यापर्यंत आली, तिथली जमीन शेणाने सारवलेली असे. तिच्यावरच पाट मांडून पंगत बसे, पंगत उठली की शेणगोळा फिरवून तिथेच अंथरुणे पडत, आणि रांगते मूल तिथे जे सापडेल ते उचलून तिथल्या तिथे तोंडात घाली. जमीन हीच जिथे टेबल, खुर्ची आणि पलंग, तिथे गावभर हिंडलेल्या वहाणेला कोण आत येऊ देईल? त्यातून वहाण चामड्याची आणि स्वयंपाकघर सोवळ्याचे. पुढे जेवायला टेबल आले, झोपायला पलंग आला, सारवणाच्या जागी लख्ख फरश्या आल्या, सोवळे तर फ्लॅटच्या क्षेत्रफळात मावेनासेच झाले. तरी रीत मात्र राहिली. 2020 साली करोनाच्या धास्तीने, एरवी बूट घालून थेट दिवाणखान्यात वावरणारी मंडळीही चपला दाराबाहेर ठेवू लागली, तेव्हा आमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर हा शोध आपणच लावल्याचे समाधान कित्येक दिवस विलसत होते.

माझी तक्रार आहे ती उंबऱ्यावर जे बोलले जाते त्याविषयी. पाहुणा बुटाच्या नाडीला हात घालण्यासाठी वाकला रे वाकला, की यजमान म्हणतात, ‘राहू द्या हो, चालेल!’ हे वाक्य खरे नसते, पण त्याला खोटे म्हणण्याचीही सोय नाही. पानात तिसरी पोळी पडताना आपण जे ‘नको, नको’ म्हणतो, त्याच कुळातले ते आहे. त्यावर पाहुण्याने ‘छे, छे, काढतोच’ असे म्हणायचे असते, आणि ते वाकलेल्या अवस्थेतच म्हणायचे असते, कारण सरळ उभे राहून म्हटल्यास यजमानांच्या पोटात गोळा येतो. अनुभवाने मला या वाक्याचे पाठभेद कळू लागले आहेत. सोफ्यावर बसूनच म्हटलेल्या ‘राहू द्या’चा अर्थ ‘लवकर आटपा, दार उघडे आहे, डास येतात’ असा होतो. स्वयंपाकघरातून काकूंनी न बघताच म्हटलेल्या ‘राहू द्या’ला काहीच अर्थ नसतो, त्या कुरिअरवाल्यालाही तेच म्हणतात. आमचे एक परिचित अत्यंत आर्जवाने ‘राहू द्या, अहो, आपलंच घर आहे’ असे म्हणत असतात आणि त्याच वेळी उजव्या पायाच्या अंगठ्याने पायपुसणे हळूहळू माझ्या दिशेने सरकवत असतात. माणसाचे मन ओळखायचे असेल तर त्याच्या डोळ्यांत पाहावे असे म्हणतात; दारात उभे असताना मी अंगठ्याकडे पाहतो.

या वाक्यावर विश्वास ठेवून बुटांसकट आत गेलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नात्यातला नवा जावई होता. सासऱ्यांनी ‘राहू द्या’ म्हटले, त्याने राहू दिले, आणि पावसातून आलेले ते तपकिरी बूट दारापासून सोफ्यापर्यंत आपली नक्षी उमटवत गेले. जावई असल्यामुळे कुणाला चकार शब्द काढता येईना. सासूबाई अनारशांचे ताट हातात घेऊन उभ्या होत्या, पण त्यांची नजर ताटावर नव्हती आणि जावयावरही नव्हती. तो गेल्यावर ती फरशी फिनेलने पुसली, मग साध्या पाण्याने पुसली, आणि मग, केवळ मनाच्या समाधानासाठी, पुन्हा फिनेलने पुसली. आता त्या जावयाची मुले शाळेत जाऊ लागली आहेत, त्याने स्वतःचे घर घेतले आहे आणि आल्यागेल्याला तो स्वतः ‘राहू द्या’ म्हणतो. पण आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात त्या बुटांची कथा नव्या सुनांना अजून सांगितली जाते.

बोलण्याचा प्रश्न असा, तर करण्याचा त्याहून बिकट. जुन्या घरांत या कामासाठी जागा होती. अंगणात दगडी पायरी असे, तिच्यावर किंवा ओट्यावर माणूस निवांत टेके, वहाणा काढी, रांजणातले पाणी पायांवर घेई आणि मग पडवीत येई. तोवर आतल्यांनाही लुगडे सावरायला आणि चहाचे आधण ठेवायला वेळ मिळे. वास्तुशास्त्रावर हिरिरीने बोलणाऱ्या एकाही बिल्डरला पाहुण्याने बूट कुठे बसून काढायचे हा प्रश्न पडलेला मला दिसला नाही. फ्लॅटच्या दारासमोर समोरच्यांचे दार असते, दोहोंच्या मध्ये दोन पायपुसण्यांपुरती जमीन, आणि बाजूला सहा मजल्यांची वर्दळ असलेली लिफ्ट. इथे पन्नाशीच्या, किंचित सुटलेल्या माणसाने एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा बूट काढायचा असतो, आणि हातात बहुधा पेढ्यांचा पुडा असतो. आधाराला धरावे तर काय? भिंतीला नुकताच रंग दिलेला असतो. चौकटीला तोरण असते. मी एकदा मागे न बघता मागच्या भिंतीवर तळहात टेकवला, तो नेमका समोरच्यांच्या बेलवर पडला आणि तोल सावरेपर्यंत तिथेच राहिला. दार उघडून आलेल्या आजोबांनी माझ्याकडे, माझ्या अधांतरी पायाकडे आणि पुड्याकडे पाहिले आणि ‘गणपती समोर आहे’ असे सांगून दार लावून घेतले.

गणपतीचे दिवस हा या परीक्षेचा शेवटचा पेपर. एरवी माणूस दिवसाला एखाद्या घरी जातो. भाद्रपदात त्याला ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतची सगळी नाती एका रविवारी उरकायची असतात, आणि प्रत्येक दारात तोच विधी सुरुवातीपासून करावा लागतो. त्यात पाऊस. माझी टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी मला जाड तळाचे, नाडीचे बूट सांगितले आहेत. या डॉक्टरांच्या नातेवाइकांकडे गणपती बसत नसावेत. भिजलेल्या नाडीची गाठ फुगते आणि नखांना दाद देत नाही. आत टाळ वाजू लागलेले असतात, मधूनच कुणीतरी ‘अहो, या ना, थांबलोय तुमच्यासाठी’ असे धादांत असत्य ओरडते, आणि मी डाव्या बुटाच्या गाठीपाशी वाकून त्या आरतीतली अर्धी कडवी जिन्यातूनच म्हणत असतो. बूट निघाला की मोजा उरतो, तोही ओला. ओल्या मोज्याने फरशीवर उमटणारा ठसा बुटाच्या ठशापेक्षा ठळक असतो, म्हणून मोजेही काढावेत, तर त्यांचे काय करायचे हे धर्मशास्त्राने सांगितलेले नाही. ते बुटात कोंबून, पाण्याने पांढरे पडलेले पाय घेऊन मी देवापुढे उभा राहतो, तेव्हा मंत्रपुष्पांजली संपत आलेली असते. मोज्याच्या भोकातून डोकावणाऱ्या अंगठ्याविषयी आजवर इतके विनोद झाले आहेत की त्यात मी भर घालणार नाही. मात्र भोक नेहमी उजव्या मोज्याला पडते आणि यजमान नेहमी उजवीकडे बसतात, एवढे नोंदवून ठेवतो.

यावर कोल्हापुरी चप्पल वापरण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, आणि तो तत्त्वतः अगदी रास्त आहे. जिच्यात नाडी नाही, बक्कल नाही, फक्त एक अंगठा आणि एक पट्टा, अशी ती वहाण आपल्या उंबऱ्यांचा पुरता अभ्यास करूनच कुणीतरी बेतली असावी. पाय नुसता मागे घेतला की ती जागच्या जागी राहते. करकर वाजणारी कापशी असेल तर बेलचाही खर्च वाचतो. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात एकत्र नांदले, ही गोष्ट सीमाप्रश्नाच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहावी अशी आहे. आणि 2025 च्या जूनमध्ये तिच्यासारखी दिसणारी पादत्राणे मिलानच्या फॅशन शोमध्ये झळकली तेव्हा आपण सगळे एकदिलाने चिडलो. परंतु बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या त्या चामड्याचे पाण्याशी वैर आहे. पावसात भिजलेली कोल्हापुरी वाळल्यावर जी वळते ती पुन्हा पायाला ओळख देत नाही. म्हणजे जी वहाण दारात सर्वांत सोयीची, ती नेमकी सर्वांत जास्त दारे ओलांडायच्या दिवसांत कपाटात असते.

पादुकांचा प्रश्नच वेगळा. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरताने चौदा वर्षे राज्य चालवले, माउलींच्या पादुका दरवर्षी पालखीत बसून आळंदीहून पंढरपूरला जातात, आणि लाखो माणसे त्यांच्यापुढे डोके ठेवतात. पादत्राणांना इतका मान देणाऱ्या समाजात माझ्या बुटांना मात्र शूरॅकचा खालचा खणही मिळत नाही. पाहुण्याच्या बुटांनी रॅकबाहेरच राहायचे असते.

हा नियम सर्वांना सारखा लागू असता तरी मी मुकाट्याने पाळला असता. पण फ्रीज उचलून आणणारे दोघे बुटांसकट स्वयंपाकघरापर्यंत जातात आणि घरातली करडी आजीसुद्धा ‘सांभाळून हं’ यापलीकडे काही बोलत नाही. गॅस सिलिंडरवाल्याचीही तीच गोष्ट. याउलट नळदुरुस्तीला आलेला माणूस चपला आज्ञाधारकपणे बाहेर काढतो आणि मग बाथरूममधल्या पाण्यात अनवाणी उभा राहतो. निवडणुकीतले उमेदवार हा पेच फार हुशारीने टाळतात: ते आतच येत नाहीत. दारातूनच हात जोडतात, म्हाताऱ्यांच्या पायांना हात लावतात आणि जिना उतरू लागतात. लोकप्रतिनिधी घरात येऊन आपली गाऱ्हाणी ऐकत नाहीत असे आपण म्हणतो. त्यांच्या पायातल्या नाड्या आपण विचारात घेत नाही.

तरीही आत जाणे हा सोपा भाग. खरी कसोटी निघताना लागते, कारण मराठी घरातले महत्त्वाचे बोलणे पाहुणा पायात बूट घालू लागल्यावर सुरू होते. आत तासभर पाऊस, डाळींचे भाव आणि लोकलची गर्दी यांवर बोलणारे काका मी वाकलो की सोफ्यावरून उठून दारात येतात आणि म्हणतात, ‘बरं, त्या वाटणीच्या कागदांचं काय झालं?’ त्यांच्या मागे काकू, काकूंच्या मागे सून, सुनेच्या कडेवर बाळ. सगळे कुटुंब दारात उभे राहून माझ्या टकलाकडे पाहत असते आणि मी त्यांच्या अंगठ्यांकडे पाहत, बुटात अडकलेले बोट सोडवत, वाटणीविषयी माझे मत देत असतो. दोन्ही नाड्या बांधून, कंबर धरून मी सरळ होतो, आणि त्या क्षणी, आधी कधीही नाही, काकूंना आठवते: ‘अगबाई, मोदकांचा डबा राहिला की टेबलावर! आणि चष्माही तुमचाच ना तो?’

अशा वेळी मंडळी एकसुरात काय म्हणतात ते सांगायला नकोच. डबा आणून देण्यासाठी कुणीही हलत नाही, कारण ‘राहू द्या हो, चालेल, असेच या’ असे म्हणण्यात सगळे गुंतलेले असतात. मग माझ्या वयाचा, पेन्शनची वर्षे मोजणारा माणूस उंबऱ्यावर गुडघे टेकतो, दोन्ही बूट मागच्या मागे हवेत धरतो आणि काकूंच्या दिवाणखान्यातून टेबलाच्या दिशेने गुडघ्यांवर निघतो. कडेवरच्या बाळाला हे फार आवडते. काका मात्र वाटणीचा मुद्दा सोडत नाहीत. ते माझ्या शेजारून चालत राहतात.

या सगळ्याला कंटाळून मी यंदा आमच्या दाराबाहेर एक छोटे लाकडी बाक करून ठेवले, म्हणजे निदान आमच्याकडे येणाऱ्याने तरी बसून बूट काढावेत. पहिल्याच आठवड्यात त्यावर वर्तमानपत्रे, दुधाच्या पिशव्या आणि समोरच्या आजोबांची छत्री नांदू लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात सोसायटीची नोटीस आली. तिच्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 याचा पूर्ण नावानिशी उल्लेख होता आणि सामायिक मार्गातील अडथळा तातडीने हलवावा असे बजावले होते. कायद्यापुढे इलाज नाही. बाक उचलून आत घेतले आणि दाराला लागूनच, भिंतीशी ठेवले.

काल संध्याकाळी कामावरून दमून आलो, दार उघडले, एक पाऊल आत टाकले आणि त्या बाकावर बसून नाडीला हात घातला, तोच आईचा आवाज आला, ‘अरे, बूट घालून कुठे आत आलास? आधी बाहेर काढून ये, मग बस हवा तेवढा वेळ.’