कोणाला मत द्यायचं? कपाळावरचा घाम बघा!

सोलापूर महापालिकेच्या निवडणुकीच्या निमित्ताने परवा एका वाहिनीने आमच्या भागात उमेदवारांची जाहीर चर्चा ठेवली. मांडव, लाल खुर्च्या, डोळ्यांत जाणारे हॅलोजन, सगळं काही होतं. पाण्याचं विचारावं म्हणून मी हात वर केला. "काका, थोडक्यात," असं म्हणत माईक माझ्या नाकासमोरून पुढे गेला आणि एका पक्षाची टोपी घातलेल्या पोराच्या हातात स्थिरावला. तेही सोसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर मात्र, चर्चेत कागद घेऊन बोलणाऱ्या उमेदवाराचा निकालच लागलेला होता. "त्या कागदवाल्याचं काय खरं नाही. कसला घाम पुसूलालता बे!"

टपरीच्या या न्यायापुढे कोण काय बोलणार? १५ जानेवारी २०२६ ला मतदान, म्हणजे ऐन गड्ड्यात, सिद्धेश्वरांच्या यात्रेत. डोकं चालवायला सवड कुणाला? त्यात बहुतेक प्रभागांत एकाच वेळी चार-चार जण निवडून द्यायचे. म्हणून सुज्ञ मतदारांच्या सोयीसाठी काही सूचना देतो.

चर्चा बघताना टीव्हीचा आवाज बंद ठेवा. उमेदवार काय म्हणतो हे कानावर पडलं की उगाच गोंधळ होतो. याला शास्त्राचाही आधार आहे बरं का. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे फोटो लोकांना दाखवायचे आणि विचारायचं, यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो? पक्ष नाही, भाषण नाही, नावसुद्धा नाही. फोटो सेकंदभर दाखवला तरी भागत होतं. तेवढ्यावर लोकांनी दिलेलं उत्तर सुमारे ७० टक्के निकालांशी जुळलं. सेकंदात काम होत असताना आपण दीड तास मांडवात डास मारत बसतो!

घामाचं महत्त्वही अमेरिकेनेच जगाला शिकवलं. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो. अध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन आणि जॉन केनेडी पहिल्यांदा टीव्हीवर समोरासमोर आले. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यामुळे इस्पितळात राहून आलेला, वजन उतरलेलं, चेहरा फिकट, त्यात नीट मेकअप करून घ्यायला नकार. हनुवटीवर घाम. शेजारी केनेडी उन्हात रापलेला, टवटवीत, थेट कॅमेऱ्यात बघून बोलणारा. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटला, असं एका पाहणीवरून नेहमी सांगतात. त्या पाहणीवर अभ्यासकांनी पुष्कळ शंका घेतल्यात, पण गोष्ट इतकी झकास आहे की कुणी सोडायला तयार नाही. देशभरातल्या मतांत केनेडी सव्वा लाखाहूनही कमी फरकाने पुढे राहिला. तेवढा फरक घामाने पडला की आणखी कशाने, ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. टपरीवाल्यांना विचारायला हवं होतं.

घड्याळ बघणारा उमेदवार बाद. १९९२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरल्या बुशने निवडणुकीची चर्चा चालू असताना मनगटाकडे पाहिलं, ते अजून लोक काढतात. उसासे टाकणाराही बाद, २००० सालचा अध्यक्षपदाचा उमेदवार अल गोर, त्याला विचारा.

पाणी पिणारा तर आधी बाद. सोलापुरात एवढ्या लोकांसमोर गटागटा पाणी पिणं शोभतं का?

बोट रोखून बोलणारा चालेल. दुसऱ्याला बोलूच न देणारा उत्तम. मांडी थोपटली तर प्रश्नच मिटला.

उमेदवार बाई असेल तर काम आणखी सोपं. आवाज चढवला तर भांडखोर. नाही चढवला तर "हिला अधिकारी काय मोजणार?" हसली तर गांभीर्य नाही, नाही हसली तर गर्व आहे. साडी आणि मंगळसूत्र बघून झाल्यावर वेळ उरलाच, तर नवरा काय करतो ते विचारावं. परवा एका बाईंनी विडी कामगारांच्या वस्तीतल्या गटारांबद्दल दोन मिनिटं बिनचूक सांगितलं. माझ्या मागच्या रांगेतले गृहस्थ म्हणाले, "पाठ करून आलीय." पाठ न करता आली असती, तर "काही माहितीच नाही" म्हणायला हेच पुढे!

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. कागद घेऊन येणाऱ्यापासून सावध राहा. ज्याला आकडे लागतात त्याच्यात दम नाही, हे उघड आहे. परवाचा तो कागदवाला काय सांगत होता म्हणे? उजनी धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या पुढे, मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी हिशेबात न धरलेलं पाणी. त्यामुळे "धरण भरलं" आणि "धरण मायनसमध्ये गेलं" या दोन्ही बातम्या आपण वाचत असतो. पुढे म्हणाला, उजनी, टाकळी आणि हिप्परगा असं तीन ठिकाणांहून पाणी येतं, तरी नळाला चार-पाच दिवसांआड. समांतर जलवाहिनीने धरणातून जास्त पाणी आणाल हो, पण ते साठवायला पुरेशा टाक्या आणि गल्लीबोळांत पोचवायला धड नळ्या नसतील, तर पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आलेलं पाणी तुमच्या मोरीपर्यंत येणार कसं? कुठल्या भागात टाकी आधी बांधायची, जुन्या नळ्या कुठून बदलायला घ्यायच्या, याची यादी होती त्याच्या हातात. यादी! लिहून आणलेली! हे वाचत असताना सूत्रसंचालकाने त्याला तीनदा तोडलं. मग शेजारचे उमेदवार उठले, दंडावर बाही सरकवली, म्हणाले, "आम्ही सोलापूरकरांना रोज पाणी देणार म्हणजे देणार!" कसं? कधी? कुठून? एकानेही विचारलं नाही. शिट्ट्या पडल्या! माझ्या बाजूला बसलेला माणूस शिट्टी मारत होता. त्याच्या घरात पिंपं, टाक्या, बादल्या, हंडे आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या सगळ्यांत पाणी भरलेलं असतं, मी पाहिलंय! पाणी अवेळी सुटलं की हाच गल्लीत सगळ्यांना उठवत फिरतो! आणि रोज पाण्याचं आश्वासन याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं काय? आपली केसं पांढरी झाली हेच वाक्य ऐकून. बाह्या तेवढ्या बदलत गेल्या.

आणि घाम. हॅलोजन त्या माणसाच्या थेट तोंडावर मारला होता, कडेची खुर्ची दिली होती म्हणून. घाम नाही येणार तर काय?

असो. सूचना राहिल्या. एवढंही बघायचा कंटाळा असेल, तर व्हॉट्सॲपवर वीस सेकंदांची क्लिप येईलच. मागे ढोल, पुढे आगीच्या ज्वाळा, मध्ये साहेबांची मान वळतानाचा स्लो मोशन. प्रश्न कापलेला असतो, उत्तरही कापलेलं असतं, मान शिल्लक असते. मानेला मत द्या.

कुणी म्हणेल, चर्चाच वाईट. तसं नाही. मोठ्यांनी तर ती भानगडच ठेवली नाही. २०२४ च्या मे महिन्यात मदन लोकूर आणि अजित शहा हे निवृत्त न्यायमूर्ती आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी या दोघांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला, पण चर्चा काही झाली नाही. दिल्लीत जे होत नाही ते आमच्या प्रभागात होतं, उमेदवार समोर येऊन बसतात, हात लावता येईल इतक्या जवळ. आणि आपण त्यांचं कपाळ तपासतो!

लाज वाटत नाही का हो? २०१७ ला निवडलेल्या नगरसेवकांची मुदत २०२२ ला संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती. तक्रार घेऊन जायला नगरसेवक नाही म्हणून याच टपरीवर रोज कोण रडत होतं? आता संधी आली तर तुम्हाला हवा नट. वाहिनीला दोष देऊन मोकळं होऊ नका. ती भांडण दाखवते, कारण तुम्ही भांडण लागलं की खुर्ची पुढे ओढता आणि नळीचा विषय निघाला की मोबाईल काढता. उमेदवारही काही खुळे नाहीत. यादी वाचणाऱ्याची टर उडाली आणि बाही सरकवणाऱ्याला शिट्ट्या मिळाल्या, हे त्यांनी बघितलं. पुढच्या वेळी तो कागदवालाही कागद घरी ठेवून येईल आणि बाही सरकवेल. ते शिक्षण तुम्ही दिलंत त्याला.

टपरीवर मी विचारलं, टाक्यांबद्दल तो नेमकं काय म्हणाला? चौघांपैकी एकालाही सांगता येईना. शर्ट फिकट निळा होता आणि काखेत भिजला होता, हे चौघांनाही पाठ. त्याची यादी चुकीची असेल, त्याला मत देऊ नका, माझं काही म्हणणं नाही. पण ती चुकीची आहे हे सांगण्याइतकं तरी ऐका की! नाही ऐकायचं? मग मध्यरात्री पाणी सुटल्यावर महापालिकेच्या नावाने बोंब मारत माझं दार वाजवू नका.