‘तुमचंच जेवण ना? तूच मागव!’

इंग्लंडात ऑफिसच्या मंडळींबरोबर करी हाउसमध्ये गेलं, की मेन्यूकार्ड टेबलभर फिरून शेवटी माझ्यासमोर येऊन थांबतं. टेबलावर भारतीय मी एकटाच. म्हणजे जाणकार. ‘तुमचंच जेवण ना? तूच मागव!’

आता माझं गाव चिपळूण. आमच्याकडे ओला नारळ फोडल्याशिवाय पातेलं गॅसवर चढत नाही. बायको भुसावळची. तिच्या शेवभाजीवरची तर्री लांबून बघितली तरी मला उचकी लागते. घरात दोन माणसं आणि रस्से दोन. तिथे एका राज्याचं एकमत होत नाही, आणि मी अख्ख्या उपखंडाच्या वतीने ऑर्डर द्यायची!

बरं, हे जेवण ‘आमचंच’ म्हणावं तर तेही धड नाही. इथल्या बहुतेक करी हाउसांचे मालक बांगलादेशी, आणि त्यातही बहुतेक सिल्हेटकडचे. यांच्यातली पहिली माणसं बोटीवर खलाशी म्हणून आलेली. कुणी लंडनच्या गोदीत उतरलं ते परत चढलंच नाही. आधी हॉटेलांत भांडी घासली, मग हॉटेलंच घेतली. पाटी मात्र ‘इंडियन’. त्यांच्याही कितीतरी आधी, १८१० साली, पाटण्याच्या शेख दीन महंमदाने लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढलं होतं. दोन वर्षांत त्याचं दिवाळं वाजलं. पुढे तो ब्रायटनला जाऊन लोकांना चंपी-मालिश करायला लागला आणि तिथे मात्र त्याचं उत्तम चाललं. मला या गृहस्थाबद्दल फार आपुलकी आहे. इंग्रजांना काय जेवायचंय ते ठरवण्यापेक्षा त्यांची डोकी रगडणं केव्हाही सोपं.

कारण मेन्यू उघडायच्या आत टेबलावर वाद पेटलेला असतो. आमच्या ऑफिसात चार गावचे चार जण आहेत. आपल्याकडच्या रीतीने मी त्यांना मनात ग्लासगोकर, ब्रॅडफर्डकर, बर्मिंगहॅमकर आणि कार्डिफकर म्हणतो.

ग्लासगोकराला आधी पकोडे लागतात आणि त्यांच्याबरोबर गुलाबी रंगाचा एक सॉस. तो सॉस इंग्लंडात सहसा मिळत नाही. मग तो वेटरकडे असा बघतो की त्या बिचाऱ्याने त्याचं घरदार लुटलंय. चिकन टिक्का मसाला ही ग्लासगोची देणगी, हे त्याचं दुसरं कलम. तिथल्या ‘शिश महल’चे अली अहमद अस्लम सांगायचे, की एका गिऱ्हाइकाने चिकन कोरडं आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा त्यांनी डब्यातलं टोमॅटो सूप आणि मसाले घालून सॉस केला. २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात याच पदार्थाला ब्रिटनचा खराखुरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. कुक स्कॉटिश होते, हे ग्लासगोकर न विचारता सांगतो.

ब्रॅडफर्डकर बाईंच्या मते करी भाताबरोबर खाणारा माणूस अडाणी. त्यांच्या गावी पाकिस्तानी काश्मिरींची हॉटेलं. मटण हाडासकट, करीबरोबर चपात्या आणि त्याही बऱ्याच ठिकाणी फुकट. बाई चपातीचा तुकडा इतक्या सफाईने मोडतात की सासूनेही पसंत करावं. कार्डिफकराचं काही मागणं नसतं. त्याला अर्धा भात आणि अर्ध्या बटाट्याच्या चिप्स दिल्या, की वरून काय ओतलंय याची तो चौकशी करत नाही. चौघांत माझा लाडका तोच.

खरा वैताग बर्मिंगहॅमकराचा. त्याच्या गावी सत्तरच्या दशकात पाकिस्तानी आणि काश्मिरी लोकांनी ‘बाल्टी’ सुरू केली. स्पार्कब्रुक, बाल्सल हीथ आणि मोझली या भागांना आजही बाल्टी ट्रँगल म्हणतात. पातळ पोलादी पत्र्याची छोटी कढई, खाली भडका आच, झटपट शिजवायचं आणि त्याच कढईतून टेबलावर आणायचं. चमचा नाही, भात नाही, नुसता एक भलाथोरला नान, चार जणांनी चार बाजूंनी तोडायचा. परवा त्याने बाल्टी मागवली. ती आल्यावर त्याने आधी वास घेतला नाही, चव घेतली नाही. रुमालाने कान धरून कढई उचलली आणि लग्नातल्या भांड्यावर नाव कोणाचं कोरलंय ते बघतात तशी खालून बघितली. मग नखाने टकटक वाजवली. ‘ही पोलादी नाही, बिडाची आहे,’ तो म्हणाला. ‘स्वयंपाकघरात दुसऱ्या भांड्यात शिजवलं आणि इथे ओतलं.’ कुणी सुतक जाहीर करावं तसा आवाज होता. आणि लगेच चौघेही माझ्याकडे वळले: ‘तूच सांग, खरी करी कोणती?’

आता काय सांगणार? नेहमीच्या करी हाउसच्या आतली गंमत मला ठाऊक आहे. मागे एक मोठं पातेलं असतं. त्यात ढीगभर कांदा, थोडं आलं-लसूण, कधी गाजर, ढोबळी मिरची, हळद-धणे-जिरे, सगळं तासन्‌तास शिजवून वाटून पातळ केलेलं. ऑर्डर आली की तव्यावर तेल, मसाला, या पातेल्यातले दोन-तीन डाव आणि आधीच शिजवून ठेवलेलं चिकन. नारळ, साखर आणि क्रीम पडलं की कोर्मा. लाल तिखट आणि लिंबू पडलं की मद्रास. तिखट आणखी वाढवून बटाटा टाकला की विंदालू. गोव्यात विंदालू म्हणजे डुकराचं मटण, व्हिनेगर आणि लसूण. तिथल्या आजीला हा बटाटा दाखवायची माझी छाती नाही. डाळ पडली की धनसाक, आणि त्यात कधी कधी अननस. पारशांकडे धनसाक शुभ दिवशी करत नाहीत, घरात कुणी गेल्यावर चौथ्या दिवशी करतात. परवा कार्डिफकराने वाढदिवसाची पार्टी म्हणून तेच मागवलं. मी गप्प बसलो. अननसामुळे दोष जात असेल.

एक मात्र मी ऑफिसात कुणाला कळू दिलेलं नाही. त्या अख्ख्या मेन्यूत मला मनापासून आवडतो तो कोर्मा. नारळ आहे, किंचित गोड आहे, जिभेला चटका नाही. जवळजवळ आमच्याकडचाच वाटतो. पण या देशात कोर्मा मागवतात ती लहान मुलं आणि पहिल्यांदाच करी खाणाऱ्या आज्या. भारतीयाने कोर्मा मागवायचा म्हणजे इंग्रजाने चहा नको म्हणायचं.

परवा मी धीर केला. वेटर वाकला, मी मेन्यूवर कोर्म्यावर बोट ठेवलं. तो सिल्हेटी मुलगा दचकला. हळूच म्हणाला, ‘भाई, ये आप मत खाइए. ये अंग्रेज लोगों के लिए है. आपको स्टाफ करी देता हूँ.’ टेबलभर कुजबुज झाली. स्टाफ करी म्हणजे आचारी आणि वेटर स्वतःसाठी करतात ती, मेन्यूवर नसलेली. ब्रॅडफर्डकर बाईंच्या डोळ्यांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला.

आली. पातळ रस्सा, हाडासकट मटण, शातकोरा नावाच्या त्यांच्याकडच्या लिंबाच्या जाड सालीचे तुकडे आणि नागा मिरची. वास असा, की पहिला घास चिपळूणला नेऊन सोडेल. दुसरा घास मी नीट सांगू शकत नाही, कारण तोवर उचकी लागली होती. कानांतून वाफ निघत होती. चौघे टक लावून बघत होते. ‘भावनावश झालाय,’ बर्मिंगहॅमकर हळूच म्हणाला. वेटरही समाधानाने बघत उभा. त्याने आपल्या ताटातलं मला दिलं होतं. उरवायचं कसं? हाड चोखून संपवलं. पलीकडच्या टेबलावर पाचेक वर्षांची एक पोरगी कोर्मा खात होती. तिच्या ताटात निम्मा तसाच पडला होता.

हल्ली मी कोर्मा फोनवरून मागवतो. नाव विचारलं की जॉन सांगतो. घरी आणला की बायको चमचाभर चाखते, ‘आजारी माणसाला द्यायचं हे,’ म्हणते आणि तिच्या वाटणीत दोन चमचे काळा मसाला ढवळते. मागच्या शुक्रवारी पिशवी घ्यायला गेलो, तर काउंटरवर तोच मुलगा. त्याने पिशवीवरचं ‘जॉन’ वाचलं, माझ्याकडे बघितलं, आत गेला आणि पिशवीत आणखी एक डबा ठेवून आला. ‘जॉनसाहेबांसाठी कोर्मा,’ तो म्हणाला, ‘आणि तुमच्यासाठी स्टाफ करी.’