उरच्या भिंतींना लोणा लागलाय

झिगुरातच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंचावत जाणाऱ्या विटांच्या प्राचीन देवळाच्या, पायऱ्यांवर फोटो काढून तसंच मागे फिरणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. दक्षिण इराकमध्ये नासिरियाजवळ प्राचीन सुमेरियन लोकांचं उर हे शहर आहे. तिथे येणारे बहुतेक जण हेच करतात. पण त्या पायऱ्या आणि समोरचा गुळगुळीत दर्शनी भाग १९८० च्या दशकात, सद्दाम हुसेनच्या काळात नव्याने चढवलेला आहे. चार हजार वर्षांपूर्वीचं काम बघायचं तर बाजूच्या भिंतीपाशी जाऊन उभं राहायला हवं.

राजा उर-नम्मूने चंद्रदेव नन्नासाठी हे बांधायला घेतलं आणि त्याचा मुलगा शुल्गीने पुरं केलं. आत कच्च्या विटांचा भरीव गाभा, बाहेरून भाजलेल्या विटांचं जाड कवच. दोन विटांमध्ये डांबर, त्याच्या काळ्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. काही विटांवर राजाच्या नावाचा ठसा आहे. आणि भिंतीत अंतराअंतरावर उभ्या, अरुंद फटी सोडलेल्या आहेत, आतल्या मातीतली ओल बाहेर पडावी म्हणून. माझे पाय तिथेच खिळले. पाणी बांधकामाचं काय करतं, हे त्या गवंड्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज तेच पाणी उरच्या मुळावर आलंय. कधीकाळी शहराला लागून वाहणारी युफ्रेटिस लांब सरकली, पण जमिनीखालचं खारं पाणी विटांमध्ये चढतं, सुकतं आणि मागे मीठ ठेवतं. आपल्याकडे जुन्या भिंतीला लोणा लागतो ना, तोच प्रकार. राजांच्या थडग्यांच्या भागात विटांवर पांढरा थर दिसतो आणि त्याखालची वीट पापुद्र्यांनी सुटत जाते. वरून वाळूचा मारा आहेच. १९९१ च्या युद्धातल्या गोळ्यांच्या खुणाही आहेत, पण त्या वाढत नाहीत. लोणा रोज वाढतो.

२०१६ मध्ये उर जागतिक वारसा यादीत आलं, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस येऊन गेले. पर्यटक वाढताहेत, चांगलंच आहे. म्हणून आता आणखी एक चकचकीत दर्शनी भाग नको. भूजल खाली ठेवायची सोय करा, उघड्या पडलेल्या भिंती गरज असेल तिथे पुन्हा मातीखाली झाका. त्यासाठी नवं उत्खनन लांबलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खर्च एकट्या इराकने का सोसावा? १९२२ ते १९३४ या काळात पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीने इथे खोदकाम केलं, ते ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी. सापडलेल्या वस्तू बगदाद, लंडन आणि फिलाडेल्फियात वाटल्या गेल्या. त्यात राणी पुआबीचा सोन्याच्या पानांचा शिरपेच आहे, सिंधू खोऱ्याच्या धाटणीचे लाल अकीकाचे मणीही आहेत. वस्तूंचा वाटा घेतला, तर ज्या थडग्यांतून त्या निघाल्या ती टिकवण्याच्या खर्चातही लंडन-फिलाडेल्फियाने वाटा उचलावा, आणि तो दरवर्षी उचलावा.